इमारतींचे धर्मांतर : ओस पडलेली चर्चे आणि संस्कृतीचे सभागृह

माणसांच्या धर्मांतरावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर तर तो आपल्या जगण्याचाच विषय झाला. इमारतींच्या धर्मांतराकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही. एखादे जुने चर्च ओस पडते, प्रार्थना थांबते, छप्पर खचते, भिंतीत पिंपळ उगवतो. मग कोणीतरी पुढे येऊन म्हणतो, येथे गाण्याची मैफल, चित्रांचे प्रदर्शन, नाटक का होऊ नये? प्रश्न वास्तुशास्त्रज्ञांचा वाटतो म्हणून आपण तो त्यांच्यावर सोडून देतो. येथेच आपले चुकते. ज्या वास्तूतून देव उठून जातो तेथे 'संस्कृती' येऊन बसते, आणि संस्कृती आली की कोणाची, हा प्रश्न तिच्या मागोमाग येतो.

मी डहाणूकडे महाविद्यालयात शिकवतो. माझ्या वर्गात कैनाड, गंजाड, तलासरीची वारली मुले असतात. घराण्यात पदवी घेणारा मी पहिला; त्यांच्यातले बहुतेक जण तसेच. हा सगळा किनारा, डहाणू, तारापूर, माहीम, वसई, दोनशे वर्षे पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांतात होता. आमच्या मुलांना जाऊन पाहता येतील असे जुन्या चर्चांचे अवशेष उत्तरेला मोठ्या दमणच्या किल्ल्यात आहेत आणि दक्षिणेला वसईच्या किल्ल्यात. म्हणून हा विषय आम्हाला परका नाही.

प्रथम, चर्च ओस का पडते हे समजून घ्यावे लागते. युरोपात त्याचे कारण साधे आहे : माणसे चर्चला जाईनाशी झाली. आपल्याकडे तसे घडले नाही. वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे आली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने घेतली. किल्ल्यातल्या जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन मठांचा आधार सत्ता हा होता. सत्ता गेली आणि मठ उघडे पडले. जुन्या गोव्यात साथींनी शहर पोखरले, राजधानी पणजीला गेली, आणि १८३४-३५ मध्ये पोर्तुगालच्या सरकारनेच धार्मिक संघ बरखास्त करून मठ ताब्यात घेतले. सेंट ऑगस्टीनच्या प्रचंड चर्चची कमान १८४२ साली कोसळली. आज त्याचा अर्धा मनोरा तेवढा उभा आहे. अंधेरीचे १५७९ सालचे सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च १८४० च्या सुमारास साथीमुळे सोडावे लागले, गाव मरोळकडे सरकले. पुढे त्या जागेभोवती सीप्झची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि चर्चचा सांगाडा कारखान्यांच्या कुंपणाआड गेला.

यातून एक गोष्ट निघते. आपल्याकडच्या ओसाड चर्चला सोडून गेलेली माणसे श्रद्धा सोडून गेलेली नव्हती. अंधेरीच्या त्या सांगाड्यात वर्षातून एकदा मिस्सा होते, त्यासाठी कुंपणाचे दार उघडावे लागते. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात नागासाकीला क्रुसावर मारले गेले, १८६२ साली संत ठरले. त्यांच्या सणाला किल्ल्यातल्या छप्पर नसलेल्या चर्चमध्ये वसईची माणसे जमतात. तेव्हा 'वापरात नसलेली वास्तू' हे शब्द कागदावर लिहिण्याआधी, कोणाच्या वापरात नसलेली, हे विचारले पाहिजे.

आता गोव्यातले एक उदाहरण सविस्तर पाहू, कारण आपल्या भागात या प्रकारचे इतके पूर्ण उदाहरण दुसरे नाही. जुन्या गोव्यात एका टेकडीवर 'अवर लेडी ऑफ द माउंट'चे कपेल आहे. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतरच्या अगदी पहिल्या प्रार्थनास्थळांपैकी ते एक. खाली मांडवी, समोर दिवाडी बेट. शहर ओस पडले तसे टेकडीवरचे हे कपेलही एकटे पडले. या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगालच्या फुंदासाव ओरिएन्ते या प्रतिष्ठानाने त्याची दुरुस्ती केली आणि त्यानंतर तेथे 'मोन्ती' संगीत महोत्सव सुरू झाला. पाश्चात्य अभिजात संगीत आणि भारतीय शास्त्रीय संगीत, दोन्ही. काही कार्यक्रम कपेलच्या आत, काही बाहेरच्या अंगणात सूर्य मावळताना. कपेलचे धर्मकार्य पूर्ण बंद केलेले नाही. सप्टेंबरमध्ये मातेचा सण होतो. एकच इमारत सणाला देवघर आणि महोत्सवाला सभागृह.

हे कसे चालते, यामागचा नियम कार्यकर्त्यांनी माहीत करून घ्यावा. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत दोन वाटा आहेत. एक : वास्तू पवित्रच राहते, पण त्या त्या प्रसंगापुरती, पावित्र्याला बाध न येणाऱ्या दुसऱ्या कामाची परवानगी धर्माधिकारी देतो. दुसरी : चर्च उपासनेसाठी वापरता येत नाही आणि दुरुस्तीही शक्य नाही, असे झाले तर बिशप ते लौकिक कामासाठी मोकळे करू शकतो. अट एवढीच की ते काम हीन असू नये. इतर गंभीर कारणांसाठीही मोकळे करता येते, पण मग त्या चर्चवर ज्यांचा कायदेशीर हक्क आहे त्यांची संमती लागते. 'हीन' म्हणजे काय हे संहिता सांगत नाही. आपल्या देशात हा शब्द ऐकला की आपले कान टवकारतात, कारण येथे ढोल हीन, हलगी हीन, तमाशा हीन असे ठरवणाऱ्यांची वाण कधीच पडली नाही.

याच संदर्भात रोमच्या उपासनाविषयक विभागाने १९८७ मध्ये चर्चमधील संगीत कार्यक्रमांबाबत एक पत्र काढले होते. त्यातली एक अट मला फार महत्त्वाची वाटते : प्रवेश विनामूल्य आणि सर्वांना खुला असावा. देवाच्या घरात तिकीट नको, ही त्यामागची भूमिका. गंमत अशी की तीच वास्तू लौकिक झाली, 'संस्कृती केंद्र' झाली, की ही अट गळून पडते आणि दाराशी तिकिटाची खिडकी येते. देव असताना दार उघडे आणि देव गेल्यावर तिकीट, हा व्यवहार आपण नीट पाहिला पाहिजे. अर्थात देव असतानाही दार सर्वांना सारखे उघडे होते असे नाही.

त्याबद्दल थोडे बोलावेच लागेल. तमिळनाडूत वडक्कनकुळम येथे १८७२ मध्ये बांधलेल्या चर्चला एकाच वेदीकडे येणारे दोन वेगळे भाग होते. एकात वरच्या जातीचे ख्रिस्ती, दुसऱ्यात खालच्या. मधली भिंत १९१० मध्ये पाडली गेली. आकारावरून लोक त्याला पाटलोण चर्च म्हणत. गोव्यात अनेक गावांत चर्चच्या कोन्फ्रारिया, म्हणजे धर्मबंधूंची मंडळे, जातवार होती आणि सणाचा मान गावकरांच्या घराण्यांकडे असे. त्यावरून दीर्घ तंटे झाले. धर्म बदलला, जात बदलली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. आदिवासींना मात्र ही अट नाही. वारली माणूस ख्रिस्ती झाला तरी कायद्याने आदिवासीच राहतो. हे येथे एवढ्यासाठी सांगितले की चर्चच्या इमारतीत जातीची आखणी दगडातच असू शकते, आणि सभागृह करताना वास्तुशास्त्रज्ञ ती 'मूळ रचना' म्हणून जपतो. जपावी, माझी हरकत नाही. पण शेजारी पाटी लावून ती कशासाठी होती हेही लिहावे.

आणि ती बांधली कोणी? जुन्या गोव्याच्या बॉम जिझसच्या दर्शनी भागात काळा दगड आहे, तो वसईकडून जहाजाने नेलेला. म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरचा दगड. तो खाणीतून काढणाऱ्याचे, घडवणाऱ्याचे, वाहणाऱ्याचे नाव कोठे नाही. उलट वसईच्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये जमिनीवर पाहा : पोर्तुगीज सरदारांच्या कबरींचे दगड, त्यांवर नावे आणि घराण्यांची चिन्हे. मूर्तींचेही तेच. ख्रिस्ती नसलेल्या कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती-चित्रे करवून घेऊ नयेत असे ठराव गोव्याच्या धर्मपरिषदांना सोळाव्या शतकात करावे लागले. कामे त्यांच्याकडूनच होत होती म्हणूनच ना! जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका या जोगिणींच्या मठात २००२ पासून ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. तेथली हस्तिदंती कामे पाहताना हे हात कोणाचे, हे ध्यानात ठेवून पाहावे.

माझी आई गवंड्यांच्या हाताखाली चुना आणि विटा वाहत असे. त्यामुळे जुन्या इमारतीच्या दुरुस्तीकडे मी वेगळ्या डोळ्यांनी पाहतो. चुन्याच्या भिंतीला ओल आत घेता येते आणि बाहेर टाकता येते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि दगड आतून सडतो. उलट गिलावा काढून टाकला तरी नाश होतो. बॉम जिझसच्या बाहेरचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात, दगड उघडा दिसला की इमारत जुनी दिसेल म्हणून, काढला. आता पावसाने जांभा दगड झिजतो आहे. चुना भिजवणे, तो मुरू देणे, थरावर थर देऊन घोटणे, ही विद्या पदवीवाल्यांकडे कमी आणि खालच्या मानलेल्या जातींच्या हातांत अधिक राहिली. अशी वास्तू पुन्हा उभी करताना हे हात रोजंदारीवर लावायचे की त्यांना कारागीर म्हणून शिकवण्या-शिकण्याचे काम द्यायचे, हे कामाच्या कंत्राटातच लिहिता येते. उद्घाटनानंतर ते मागून उपयोग नाही.

परदेशात काय केले, तेही थोडक्यात. लंडनचे सेंट लूक हे १७३३ सालचे चर्च पाया खचल्याने १९५९ मध्ये बंद झाले, छप्पर उतरवले गेले; २००३ मध्ये ते लंडन सिंफनी वाद्यवृंदाचे घर झाले. तळघरातली हजाराहून अधिक प्रेते आधी हलवावी लागली. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टच्या तेराव्या शतकातल्या डॉमिनिकन चर्चमधली प्रार्थना फ्रेंच सैन्य आले तेव्हाच थांबली होती. नंतर ते कोठार झाले, सायकली ठेवायची जागा झाले, आणि २००६ मध्ये पुस्तकांचे दुकान झाले. तेथे पुस्तकांचा पोलादी मांडव भिंतींना न खेटता स्वतंत्र उभा केला आहे, उद्या काढला तर चर्च जसेच्या तसे राहील. ही गोष्ट शिकण्यासारखी आहे : नवे जे घालाल ते परत काढता आले पाहिजे. वापर कायमचा नसतो. इस्तंबूलची हागिया सोफिया चर्च होती, १४५३ मध्ये मशीद झाली, १९३५ पासून संग्रहालय होती आणि २०२० मध्ये पुन्हा मशीद झाली. 'सांस्कृतिक' दर्जाही सत्तेच्या सहीवर उभा असतो.

आपल्याकडेही हे फिरते चाक जुनेच आहे. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात शिव होता, सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी तेथे प्रार्थनागृह केले आणि वर मठ बांधला, मराठे आल्यावर पुन्हा शिव. कान्हेरीच्या बौद्ध चैत्यातही त्या काळी सेंट मायकेलची स्थापना झाली होती. म्हणजे बुद्धाच्या घरात दुसरा देव येऊन बसणे आपल्याला काही नवे नाही! १९९१ च्या उपासनास्थळ कायद्याने एका धर्माचे स्थळ दुसऱ्या धर्माचे करायला बंदी घातली. त्यातून पुरातत्त्व कायद्याखालची संरक्षित स्मारके वगळली आहेत, पण त्यांना वेगळे नियम आहेत. १९५९ च्या नियमांनुसार संरक्षित स्मारकात सभा, मेजवानी, करमणुकीचा कार्यक्रम करायचा तर सरकारची परवानगी लागते. मान्य असलेल्या धार्मिक रूढीला मात्र सूट आहे. वसईचा किल्ला संरक्षित आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकामही करता येत नाही. म्हणून प्रसाधनगृह, मंडप, वाहनतळ कोठे करणार, हा प्रश्न रंगमंचाच्या आधी येतो. ज्यांनी सभा भरवल्या आहेत त्यांना हे सांगायला नको : बायकांसाठी प्रसाधनगृह नसेल तर सभेला बायका येत नाहीत.

दीव येथे दोन्ही प्रकारचे उदाहरण आहे. सेंट थॉमसचे चर्च संग्रहालय झाले, सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये रुग्णालय आले. मला विचाराल तर रुग्णालयाचे धर्मांतर अधिक सरळ. तेथे कोण येणार हे आजार ठरवतो, अभिरुची ठरवत नाही.

अभिरुचीचा हा प्रश्न आवाजाच्या शास्त्राआडून येतो, म्हणून ते शास्त्र समजून घेऊ. दगडी भिंती आणि उंच कमानीचे छत यांमुळे चर्चमध्ये आवाज बराच वेळ घुमत राहतो. एकसुरी, संथ गायनासाठी ही रचना चांगली. एक स्वर विरायच्या आत दुसरा त्यावर चढतो. पण जलद ताल तेथे फिसकटतो. ढोलकीचे, हलगीचे बोल एकमेकांत मिसळून नुसता गडगडाट होतो. भाषणाचे तर शब्दच कळत नाहीत. मग व्यवस्थापक सांगतो, तुमचा कार्यक्रम या वास्तूला मानवत नाही. बोलणे खोटे नसते. अर्धे असते. जाड पडदे, जमिनीवर सतरंज्या, भरलेले सभागृह यांनी घुमणे कमी होते. एका मोठ्या कर्ण्याऐवजी श्रोत्यांजवळ लहान लहान ध्वनिवर्धक लावले की शब्द कळतो. आणि अंगण असतेच. मोन्तीच्या अंगणात सतार वाजू शकते तर संबळही वाजू शकते.

गेल्या वर्षी मुलांना वसई किल्ल्यात नेले होते. जेझुइट चर्चच्या आत, वर आभाळ, अशा ठिकाणी मुलांनी टाळ्या वाजवून पाहिल्या. घुमणे जवळजवळ नाही. आवाज वर निघून जातो, कबुतरे तेवढी उडतात. कैनाडचा एक मुलगा म्हणाला, "सर, इथे तर नाचता येईल." त्याचे शास्त्र बरोबर होते. छप्पर नसलेले चर्च हे मैफलीला वाईट आणि जलशाला चांगले. शाहीर, सवाल-जवाब, भाषण, तारप्याचा फेर, या सगळ्याला उघडे अंगण आणि बाजूंनी भिंत हवी असते. त्या दिवशी त्याच चर्चच्या दुसऱ्या टोकाला एका नवरा-नवरीचे लग्नाआधीचे फोटो काढणे चालू होते. सिनेमावाले तर वर्षानुवर्षे तेथे येतात. म्हणजे वसईची चर्चे सांस्कृतिक स्थळ केव्हाच झाली आहेत; फक्त ते कोणी ठरवून केलेले नाही, म्हणून ज्याच्या हाती कॅमेरा त्याची ती.

सभागृहाची किंमत आपल्या चळवळीला ठाऊक आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेची १९२४ मधली पहिली बैठक परळच्या दामोदर हॉलमध्ये झाली होती. चार भिंती आणि एक दिवस मिळाला, त्यातून केवढे काम उभे राहिले. त्यामुळे अशा वास्तूबाबत कागद निघेल तेव्हा आपण दोन गोष्टी मागाव्यात. एक, किल्ली ज्या मंडळाकडे असेल त्यात त्या गावच्या ख्रिस्ती लोकांबरोबर तेथल्या आदिवासी आणि दलित वस्त्यांचे सभासद असावेत, आणि ते निमंत्रित म्हणून नव्हे, मताचा हक्क असलेले. दुसरी, वर्षाचे दिवस कसे वाटायचे ते आधी लिहून ठेवावे. सणाचे दिवस चर्चच्या माणसांचे, त्यावर वाद नको. बाकीच्या दिवसांत किती भाड्याचे, किती बिनभाड्याचे, हे आकड्यांत हवे.

या दुसऱ्या मागणीतली एक अडचण आमच्या मुलांनीच दाखवली. मी म्हणालो, महोत्सव हिवाळ्याच्या अखेरीस भरवतात, हवा चांगली असते, पाहुणे येतात. तुम्हीही तेव्हाचा दिवस मागा. ती हसली. तारपा हा दुधी भोपळ्याचा, बांबूचा आणि ताडपत्रीचा. तो भात पिकू लागल्यापासून दिवाळीपर्यंत वाजायचा. नंतर तो आढ्याला टांगून ठेवतात. स्वागत समारंभात पाहुण्यांपुढे तो कोणत्याही महिन्यात वाजवायला लावतात, तो भाग वेगळा. मुलांचे म्हणणे असे पडले की दिवस मागायचा तर तो अश्विनातला मागावा लागेल, जमीन ओली असेल आणि पाहुणे आलेले नसतील तेव्हाचा. यादीत आम्ही तसेच लिहिले आहे.